तिसरी खुंटी

लोण्यात भिंत होती. आयविन्ड ब्रास्कने पावाचा पहिला घास घेतला, दोनदा चावला, आणि उरलेला तुकडा डब्यात ठेवता ठेवता त्याला ती दिसली. राय नावाच्या धान्याचा काळा पाव, त्यावर लोणी, लोण्यावर चीज. लोणी असं लावायचं की घास घेतल्यावर त्यात दातांचे ठसे दिसले पाहिजेत. कोपनहेगनमधली माणसं त्या जाडीला 'दातांचं लोणी' असंच म्हणतात, आणि ठसे दिसले नाहीत तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं धरून चालतात. रिग्मोरने, म्हणजे त्याच्या बायकोने, बारा वर्षं त्याला याच जाडीचं लोणी लावून दिलं होतं आणि बारा वर्षं त्याने ते न बघता खाल्लं होतं. आज चीज जरा मागे सरकलेलं होतं म्हणून ठसे उघडे पडले. वरच्या पुढच्या दोन दातांचे दोन ठसे, आणि त्यांच्या मधे लोण्याची एक बारीक, सरळ, उभी भिंत. दातांत फट असल्याशिवाय अशी भिंत उभी राहत नाही. त्याने जिभेने चाचपून पाहिलं. फट होती. जिभेला ती आधीपासून माहीत असावी, कारण कुठेही न शोधता ती नेमकी तिथेच गेली.

मग त्याने पाव उलटा केला. असं कोणी करत नाही, कारण चीज खाली पडतं. तेही पडलं. हा काळा पाव घट्ट असतो, त्याच्या बुडाला खालच्या दातांचा ठसा जसाच्या तसा राहतो. माणसाचे खालचे दात वरच्या दातांच्या किंचित आत बसतात, झाकणात डबा बसावा तसे. या पावावर वरचा ठसा आणि खालचा ठसा काठाला काठ लावून होते. आयविन्डने तुकडा खिडकीकडे धरून पुन्हा पाहिला. बाहेर फेब्रुवारीचा उजेड होता, म्हणजे फारसा नव्हताच. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने या ठिकाणी उरलेला पाव खाल्ला असता. आयविन्डने तुकडा मेणकागदात गुंडाळला, कागदावर सवयीने तारीख लिहिली, आणि खणात ठेवला.

त्याचा धंदा रेघा काढण्याचा होता. दातांच्या कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर, खालून दिवा असलेल्या दुधी काचेच्या टेबलाशी तो अकरा वर्षं बसत होता. शहरातल्या शाळांतून निवडलेली दोनशेच्या वर मुलं दरवर्षी आपापल्या वाढदिवसाच्या आसपास तिथे येत. त्यांचं डोकं कानांत दोन दांड्या घालून एका चौकटीत पक्कं धरत, बाजूने एक्स-रे काढत, आणि जाताना हातात एक सफरचंद देत, कारण दातांच्या कॉलेजला गोळ्या वाटणं शोभलं नसतं. आयविन्ड त्या एक्स-रेवर ट्रेसिंग पेपर ठेवून कडक पेन्सिलीने चेहऱ्याची कड काढी: कपाळ, नाकाचं हाड, वरचा जबडा, दात, खालचा जबडा, हनुवटी. मग गेल्या वर्षीच्या रेघांवर यंदाच्या रेघा ठेवायच्या आणि मूल कुठे वाढलं ते मोजायचं. मुलांना तो नंबरांनी ओळखे, रस्त्यात समोरून आली तर ओळखत नसे; बाजूने गेली तर ओळखे. एकदा तळ्याकाठी एका मुलीला त्याने, तिच्या आईला ऐकू जाईल इतक्या जवळून, एकशे बारा, यंदा फार छान वाढलीस, असं म्हटलं होतं, आणि त्यावर पोलिसांशी थोडं बोलावं लागलं होतं.

चौथ्या मजल्यावर सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी होती की चेहरा खोटं बोलतो. खालचा जबडा वाढतो तो मागून, कानाजवळच्या सांध्यापाशी, आणि वाढता वाढता हळूहळू फिरतो. कुणाचा पुढे-वर, कुणाचा खाली-मागे. पण बाहेरून बघणाऱ्याला ते फिरणं दिसत नाही. जबड्याच्या खालच्या कडेवर इथे हाड चढतं, तिथे झिजतं, आणि कड जिथल्या तिथे असल्यासारखी राहते. दातांची तऱ्हा तर याहून वाईट. खालच्या दाताला वरचा दात भेटला पाहिजे एवढाच त्यांचा ध्यास. जबडा पुढे निघाला की खालचे दात मागे कलतात, वरचे पुढे कलतात, पायाखालून जमीन सरकत असताना हात न सोडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसारखे. तोंड उघडून बघणारा म्हणतो, काय छान चावा आहे, काही बदललेलं नाही. आणि खाली सगळं बदललेलं असतं. म्हणून प्रोफेसरांनी खुंट्या काढल्या. टँटलम नावाच्या धातूच्या, तिळाहून बारीक, हिरडीतून जबड्याच्या हाडात ठोकायच्या. त्या हाडात रुतून बसतात, माणूस मरेपर्यंत हलत नाहीत, एक्स-रेवर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. यंदाच्या खुंट्यांवर गेल्या वर्षीच्या खुंट्या ठेवा, म्हणजे हाडाचं खरं काय झालं ते कळतं. कडेवर विश्वास ठेवू नका, दातांवर तर मुळीच नको, खुंट्या बघा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे तीनदा सांगत आणि चौथ्यांदा त्याच्याकडून म्हणवून घेत.

त्याच्या स्वतःच्या जबड्यात अशा तीन खुंट्या होत्या. मुलांना ठोकायच्या आधी त्या कुणाला तरी ठोकून बघायला हव्या होत्या, आणि त्या वसंतात आयविन्ड नोकरीला नुकताच लागलेला, तिशीचा, कुणालाच नाही म्हणू न शकणारा असा होता. त्याचं डोकं धरायला फ्रोकन हामरिक होत्या. त्या तेव्हाही चौथ्या मजल्यावर सगळ्यांत जुन्या होत्या. आपल्याला 'फ्रोकन'च म्हणायचं, लग्न केलेलं नाही ते लपवण्यासारखं काय आहे, असं त्यांनी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. पहिली खुंटी सरळ गेली, दुसरी सरळ गेली. मग प्रोफेसरांनी, घाबरू नका हे सांगायला म्हणून, आयुष्यातला एकमेव विनोद केला. तो एका बिशपबद्दल होता. आयविन्डला तो उशिरा कळला, नेमका तिसऱ्या ठोक्याला, आणि तिसरी खुंटी तिरकी बसली. फ्रोकन हामरिकांनी वहीत नोंद केली: तिसरी तिरकी, कारण हसला. त्यानंतर त्याचा एक एक्स-रे काढला गेला, नंबर शून्य-चार, तो कपाटात गेला, आणि सगळे खऱ्या मुलांच्या मागे लागले. वाढ संपलेल्या माणसाचा दुसरा एक्स-रे कशाला काढायचा? जे थांबलंय ते मोजायचं काय?

आणि थांबलं नसेल तर? सोमवारी दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या आयविन्डला पाठ्यपुस्तकातलं एक पान आठवलं. त्यावर एकाच माणसाचे चार फोटो होते, वीस, तीस, चाळीस आणि पन्नास वर्षांचे, चारही ठिकाणी डोळ्यांवर काळी पट्टी. पहिल्या फोटोत तो कुठल्याही दुकानात दिसेल असा होता. चौथ्यात त्याची हनुवटी, नाक, ओठ, भुवयांवरचं हाड हे सगळं कुणीतरी वेगळ्याच, फार मोठ्या माणसासाठी बनवून चुकून त्याला दिल्यासारखं होतं. खाली लिहिलं होतं की मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली की मोठं माणूस पुन्हा वाढायला लागतं. हात, पाय, जबडा, जीभ, आतडी, हृदय. दातांत फटी पडतात. ते पान तो दरवेळी जरा घाईने उलटत असे. आता त्याला वाटलं की घाईचं कारण आपल्याला ठाऊक होतं, जिभेला फट ठाऊक होती तसं. त्या चौथ्या फोटोवरची पट्टी काढली असती तर खाली त्याच्या वडिलांचे डोळे निघाले असते.

वडील कोर्सूरच्या फेरीबोटीवर तिकीट तपासायचे आणि त्यांचं टोप्यांवरून भांडण होतं. दर दोन-तीन वर्षांनी ते गावातल्या एकुलत्या एका टोपीवाल्याकडे नवी फेल्ट घ्यायला जात आणि संतापून परत येत. मी सत्तावन्न नंबरचा माणूस आहे, ते जेवताना सांगत, आणि हा लबाड मला एकोणसाठ देतो आणि वर म्हणतो की तुमचं डोकं वाढलंय. डोकं काय भोपळा आहे का? त्यांचं ठाम मत असं की टोपीवाल्याने पैसे वाचवायला मापाची पट्टीच आखडून घेतली आहे. साठ नंबरला त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. एकसष्टला ते पट्टी तपासायला घरून स्वतःची पट्टी घेऊन गेले, दोन्ही पट्ट्या जुळल्या, तेव्हा ते म्हणाले की याने माझ्या बायकोलाही फितवलंय. आई हसायची. आयविन्डही हसायचा, गावात सगळेच हसायचे, बोटीवरचे उतारू तर मुद्दाम टोपीचा विषय काढायचे. त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की धुक्यात भोंग्याच्या ऐवजी त्यांनाच उभं करावं असं कप्तान म्हणे. चौपन्नाव्या वर्षी ते जिन्यात कोसळले. डॉक्टरने सांगितलं की हृदय फार मोठं झालं होतं, आणि आईने ते कौतुक समजून पाद्रीबुवांना भाषणात घालायला लावलं. आई गेल्यावर कपाटात सहा टोप्या ओळीने निघाल्या, सत्तावन्नपासून बासष्टपर्यंत. आयविन्डने सगळ्यांत लहान तेवढी घेतली. ती त्याला सैल होत होती, म्हणून आतल्या पट्टीखाली त्याने वर्तमानपत्राची घडी घातली होती. ती घडी त्याने मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात काढून टाकली. पावसाने टोपी आखडली, असं रिग्मोरला सांगितलं होतं. तिला सांगितलं होतं का स्वतःला, हे आता त्याला नीट आठवेना. यंदा ती अजिबात बसत नव्हती आणि तो ती हातात घेऊन फिरायचा, बर्फातही, आणि ऑफिसात लोक त्याला तब्येतीचा कणखर समजत.

सोमवार ते बुधवार तो स्वतःच्या अंगात पाळतीवर राहिल्यासारखा राहिला. लग्नाची अंगठी साबण लावूनही निघेना. पण बारा वर्षांच्या लोण्यानंतर कुणाची निघते? चर्चच्या गाणाऱ्यांत त्याला गेल्या वर्षी मधल्या आवाजातून खालच्या आवाजात टाकलं होतं, आणि त्याने त्या बढतीचा केक सगळ्यांना वाटला होता. दाढीचा साबण लवकर संपत होता. दर गोष्टीला एक साधं कारण होतं आणि सगळी साधी कारणं एका रांगेत उभी केली की त्यांच्या मागे ते पान दिसत होतं. आरशात तो स्वतःला समोरून बघायचा आणि समोरून काहीच कळायचं नाही. बाजूने बघावं तर डोळे तिथवर पोचत नाहीत. इतक्या मुलांचे चेहरे बाजूने पाठ असलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा बाजूने कसा दिसतो हे ठाऊक नव्हतं. मंगळवारी ट्रॅममधे एक लहान मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आईने तिला बघू नको म्हणून दटावलं. तो दोन थांबे आधी उतरला आणि चालत घरी गेला, तोंड मफलरमधे घालून. रिग्मोरने विचारलं, दात दुखतोय का? तो नाही म्हणाला. मग तोंड का लपवतोयस, बँक लुटलीस का? ती म्हणाली. तो हसला, आणि हसताना ओठ मिटूनच ठेवले.

बुधवारी एक्स-रेच्या यंत्राला नवी नळी बसवली होती आणि ती तपासून बघायला कुणीतरी वाढ संपलेला माणूस हवा होता. आयविन्डने हात वर केला तो इतक्या झटकन की सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कानांत दांड्या गेल्या. त्यांनी ऐकू येणं बंद होत नाही, फक्त आपलंच ऐकू यायला लागतं. रक्त, थूक गिळल्याचा आवाज, आणि त्याच्याही खाली काहीतरी, बोटीच्या इंजिनसारखं, न थांबणारं. हेच का ते, त्याला वाटलं, वाढ ऐकू येते का? तंत्रज्ञ म्हणाला, हलू नका. आयविन्ड तर हलत नव्हता. हलत होतं ते त्याला विचारत नव्हतं. त्याने आठवायचा प्रयत्न केला की मुलं या चौकटीत कसा चेहरा करतात. मुलं मजेत असतात. वाढणं ही त्यांची हक्काची गोष्ट असते. निघताना तंत्रज्ञाने गमतीने त्याला सफरचंद दिलं आणि आयविन्डने ते दाताने न चावता खिशातल्या चाकूने कापून खाल्लं.

गुरुवारी त्याने शून्य-चारचा जुना एक्स-रे कपाटातून काढला, दोन्हींच्या रेघा काढल्या, आणि दोन्ही कागदांवर कोपऱ्यात वेगळाच नंबर घातला: तीनशे सतरा. हा नंबर कुणाचाच नव्हता. रेघा नेहमीसारख्याच सरळ आल्या. हाताला तेवढं एकच काम येत होतं आणि ते तो त्याला न विचारता करत होता. मग कागदावर कागद ठेवायची वेळ आली, आणि इथे आयविन्डने जे केलं ते पहिल्या दिवशीच्या पोरानेही केलं नसतं. त्याने खालच्या जबड्याची कड कडेवर ठेवली. हनुवटी हनुवटीवर सरकवली. सांध्याचं टोक तसंही कानातल्या दांडीच्या सावलीत हरवतं, ते कुणालाच दिसत नाही. ठिपक्यांकडे त्याने पाहिलं नाही, म्हणजे अगदी नीट पाहिलं नाही, जसं रस्त्यात उधारीवाल्याकडे पाहत नाहीत. कडा जुळल्या. एका केसाचा फरक नव्हता. अकरा वर्षांपूर्वीचा आयविन्ड आजच्या आयविन्डखाली असा निपचित पडला होता की दोघे एकच वाटावेत. त्याने कोऱ्या रकान्यात शून्य लिहिलं आणि त्याच्याभोवती, शास्त्रात बसत नसताना, एक गोल काढला.

त्या संध्याकाळी त्याने साईच्या तीन थरांचा केक घरी नेला. रिग्मोरने विचारलं, कुणाचा वाढदिवस? कुणाचाच नाही, तो म्हणाला, कुणीही वाढलेलं नाही. तिला ते कळलं नाही, पण केक समोर असताना तिला फारसं कळून घ्यायचंही नसतं. ती दिवसभर मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरवर उभी असायची आणि संध्याकाळी तिला माणसांच्या हातांबद्दल बोलायला आवडायचं. आज एक पाद्री आला होता, ती सांगत होती, हात असे की फावडी, आणि म्हणतो मला साडेआठ द्या, मी जन्मभर साडेआठच घालतो. मग तू काय केलंस, आयविन्डने साय चाटत विचारलं. काय करायचं, दहाचे आणून दिले आणि म्हटलं, या खेपेला मालच लहान कापलेला आलाय. गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नसतं की हात वाढलाय. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलंय, माणूस मोठा नाही, माल लहान. ती हसली. मग बोलण्याच्या ओघात, चमच्याने केकच्या कडा सारख्या करत, ती म्हणाली, "तुलाही मी तेच करते की दर नाताळात."

आयविन्डचा चमचा हवेत राहिला. तिने पाहिलं आणि ती घाईघाईने म्हणाली, अरे, चाळिशीनंतर सगळ्यांचेच हात भरतात, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तो उठला आणि दाराजवळच्या खणातून हातमोजे काढले. रिग्मोर काही टाकत नसे. आठ नाताळांच्या आठ जोड्या होत्या, आतल्या बाजूला नंबर छापलेला: साडेआठ, साडेआठ, नऊ, नऊ, साडेनऊ, दहा, दहा, साडेदहा. टेबलावर त्याने त्या ओळीने मांडल्या. कपाटातल्या टोप्यांसारखी ती ओळ दिसत होती. एकाच माणसाचे आठ हात, बोटं त्याच्याकडे करून. "मोजे लहान नव्हते ना आलेले?" त्याने विचारलं. "एकदाही?" रिग्मोरने मान हलवली. तिच्याही चेहऱ्यावरचा रंग आता उतरत चालला होता, का ते तिला ठाऊक नसताना. तो म्हणाला, काही नाही, लोणी कमी करायला हवं. नंतर साय संपेपर्यंत आयविन्ड आपली जीभ तोंडात मावेनाशी झाल्यासारखा घास फिरवत राहिला. मावत नव्हती का ती, की आज पहिल्यांदा मोजत होता?

चौथ्या मजल्यावर कुठलाही कागद दुसऱ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय खरा धरत नसत. आयविन्डने काढायचं, फ्रोकन हामरिकांनी बघायचं, आणि पटलं तर कोपऱ्यात 'ह' लिहायचा. 'ह' नसलेला कागद म्हणजे नुसती अफवा. शुक्रवारी सकाळी आयविन्डने तीनशे सतराचे दोन्ही कागद, गोलातल्या शून्यासकट, त्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवले. त्याला काय हवं होतं हे त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, 'ह' हवा होता. एक अक्षर. ते मिळालं की हातमोजे पुन्हा खणात, टोपी पावसात आखडलेली, वडील हृदयाने गेलेले. पाठीला पाठ लावून त्यांची टेबलं होती. दहा वाजल्यापासून तो त्यांच्या पेन्सिलीचा आवाज ऐकत होता. कागद उलटल्याचा आवाज, मग 'ह', मग कागद, मग 'ह'. मग एका कागदानंतर 'ह' आला नाही.

"ब्रास्क," फ्रोकन हामरिक म्हणाल्या, "हा तीनशे सतरा कोण?"

आयविन्ड खुर्चीतून उठून त्यांच्या टेबलाशी गेला. "असेल एखादा मुलगा."

"मुलगा. याच्या चारही अक्कलदाढा आल्यात, दोन दातांत चांदी भरलेली आहे. या मुलाला बायको आहे का हो?"

"यंत्र तपासायला कुणीतरी मोठं माणूस घेतलं होतं," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं.

"आणि हे कडेवर कशाला बसवलंत? तुम्ही? अकरा वर्षांनी?"

"कडा जुळतात, फ्रोकन हामरिक."

"कडा जुळतातच. कडांना दुसरं काम काय आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वरचा कागद सोडवला, आणि चिमटीत धरून तो खालच्या कागदावर पुन्हा ठेवायला लागल्या, या वेळी ठिपक्यांवर. पहिली खुंटी पहिलीवर. दुसरी दुसरीवर. कागद किंचित वळवला. तिसरी तिसरीवर जाऊन बसली. आणि दुधी काचेखालच्या उजेडात बाकीचं सगळं एकमेकांपासून सुटलं. एक माणूस होता तिथे दोन झाले. जबडा मागे सांध्याकडे लांबला होता, हनुवटीवर हाड चढलं होतं, संबंध चेहरा एका न दिसणाऱ्या खिळ्याभोवती फिरला होता. आणि खालचे पुढचे दात या सगळ्याच्या मधे मागे कललेले होते, सरकत्या जबड्यावर उभे राहून वरच्यांपर्यंत पोचायला बघत. आयविन्डला त्यांचा आवेश ओळखीचा वाटला. अकरा वर्षं ते त्याच्या तोंडात गुपचूप हे करत होते आणि सोमवारी दमले होते.

"बिचारे," फ्रोकन हामरिक दातांना म्हणाल्या. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. हा माणूस वाढतोय, ब्रास्क, याला उद्या नाही, आज मोठ्या हॉस्पिटलात पाठवायला हवं. आधी डोळे तपासायला सांगा, ती गाठ डोळ्यांच्या नसेवर बसते. झालेलं मागे जात नाही, पण आजकाल किरणं देऊन पुढचं थांबवतात, वेळेवर कळलं तर. याच्या घरात पूर्वी कुणाला असेल तर तेही विचारा. बोलता बोलता त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहायला लागल्या होत्या. "कुणी सांगितलंय का त्याला?"

"त्याला संशय आहे."

"नुसता संशय? आजूबाजूला माणसं नाहीत का त्याच्या? कुणी बघत नाही का त्याच्याकडे?"

फ्रोकन हामरिकांची पेन्सिल खुंट्यांवरून एकेक खूण करत चालली होती. पहिल्यावर बारीक टिंब, दुसऱ्यावर टिंब. तिसऱ्यापाशी ती थांबली. आयविन्डने नंबर बदलला होता, दिवस बदलला असता, नाव विचारलं असतं तर तेही बदललं असतं. पण पहिल्या दोन खुंट्या उभ्या आणि तिसरी तिरकी, ही तशीच्या तशी, दोन्ही कागदांवर, तितक्याच अंशांत उतरवताना हाताला काही वावगं वाटलं नव्हतं. खुंटी खोटी काढता येते हे त्याला सुचलंच नव्हतं. ते या मजल्यावर कुणालाच सुचलं नसतं.

टेबलाखालचा दिवा गुणगुणत होता. फ्रोकन हामरिकांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि त्या उठल्या. त्या त्याच्या समोर आल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून त्या त्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्याकडे बाजूने पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. आयविन्ड चौकटीत असल्यासारखा ताठ उभा राहिला. त्याला वाटलं आपण आता हलता कामा नये. कानांत पुन्हा ते इंजिन चालू झालं होतं. अकरा वर्षं पाठीला पाठ लावून बसल्यामुळे या बाईने आपल्याला पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहिलं आहे, त्यामुळे आता ते खरं झालं आहे, एवढंच त्याला कळत होतं. खुंटीवर खुंटी. 'ह' मिळाला होता.

त्यांनी हात पुढे करून टेबलाचा दिवा बंद केला. खुंटाळ्यावरचा आपला कोट काढला, आणि मग शेजारची फेल्ट टोपी काढून त्याच्यापुढे धरली. अकरा वर्षांत त्यांनी त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"आयविन्ड," त्या म्हणाल्या, "टोपी घाल. मी येते बरोबर."

"ती आता हातातच धरतो मी."

फ्रोकन हामरिकांनी टोपी उलटी करून आतला नंबर पाहिला. मग कोटाची बटणं लावता लावता, शेवटच्या बटणाशी त्यांना जरा वेळ लागला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग हातात धर, आणि चल."